पहिल्या रांगेतली खुर्ची

प्रिय टाचणी,

या नावाने तुला अजून कोणी हाक मारतं का? ओठांत सदोदित पाच-सहा टाचण्या धरून काम करायचीस, म्हणून मीच ठेवलं होतं ते. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू देत. मी मजेत आहे. स्वतःचं लहानसं शिवणघर आहे, हाताखाली दोघीजणी आहेत, आणि रक्तदाब आहे.

रक्तदाबाची गंमत ऐक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडा वेळ डोळे मिटून मनाला आवडेल असं काहीतरी बघत जा, नदी, बाग वगैरे. मी म्हटलं, मला मेलीला सवड कुठली? तर म्हणाल्या, कामातल्या फटी शोधा. शोधल्या. सकाळी इस्त्री तापेपर्यंतची चार मिनिटं, बसचे सात थांबे, दुपारी डबा धुताना. नदी एकच दिवस टिकली. दुसऱ्या दिवसापासून तू यायला लागलीस.

इस्त्रीच्या वेळेत तुला नुसतं रडवून होतं. बसमध्ये निवांतपणा असतो, तिथे चारचौघांत साग्रसंगीत अपमान करते. तू काय घातलंयस ते डबा धुताना ठरतं, बहुतेक तुला न शोभणारं काहीतरी. एकही दिवस खाडा नाही. रक्तदाब खरोखर उतरला गं. बाई म्हणतात नदी लागू पडली, आणि मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

यातलं माझं सगळ्यात लाडकं दृश्य त्या नाट्यगृहातलं आहे. तू पहिल्या रांगेत, शेजारी आपल्या शिवणाच्या दुकानाचे जुने मालक, आणि समोर पडदा.

तो पडदा तू विसरली नसशील. मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, हे आपल्याला झोपेतही ठाऊक होतं. तरी एक तुकडा उलटा कापला गेला आणि दिवे लागल्यावर तेवढाच काळपट दिसला. कोणी कापला, असं मालकांनी विचारलं. आपल्याकडची रीत होती, कापणारीने दुमडीच्या आत आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. माझा पिवळा, तुझा निळा. मी हात जोडून म्हणत होते, दुमड उसवून बघा. तेव्हा तू ओठांतल्या टाचण्या काढल्यास आणि शांतपणे सांगितलंस, उसवलं तर मखमलीवर भोकं राहतील, आणि हा हिनेच कापलाय, मी पाहिलंय. मालकांना पटलं. तुकडा न उसवता कोपऱ्यातल्या चुण्यांत दडवला गेला आणि मी रस्त्यावर आले. पुढची दोन वर्षं कोणी मला कापडाला कात्री लावू दिली नाही. लोकांच्या पँटींच्या चेनी बदलत बसले मी. तुझ्या बाळंतपणात तुझ्या वाट्याची कटिंग मी केली होती, तेही तेव्हा तुला आठवलं नाही. तुला मी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

आता पत्राचं कारण. त्या नाट्यगृहाचे नवे पडदे मी शिवलेत. जुना पडदा मापासाठी माझ्याच टेबलावर आला होता. कोपऱ्यातला काळपट तुकडा शोधला आणि दुमड मी स्वतः उसवली. आत निळा टाका होता. अजून तस्साच चमकतोय. दुमडीची ती पट्टी टाक्यावरूनच मधोमध कापली; अर्धी सोबत पाठवतेय, अर्धी माझ्या पर्समध्ये आहे. नव्या पडद्याच्या पहिल्या खेळाचं एक तिकीटही पाकिटात आहे, पहिल्या रांगेचं. शेजारच्या खुर्चीचं मालकांना दिलंय, ते येतो म्हणालेत. पडदा उघडायच्या आत तू त्यांना खरं काय ते सांग. नाही सांगितलंस तर मी मागच्याच रांगेत आहे, पर्स घेऊन. हे दृश्य मी हजारदा पाहिलंय, तुमच्या दोघांच्या खुर्च्यांचा रंगसुद्धा सांगू शकते. फक्त त्यात तुझ्या ओठांत नेहमी टाचण्या असतात, त्यामुळे तू काय बोलतेस ते मला एकदाही ऐकू आलेलं नाही. त्या दिवशी टाचण्या घरी ठेवून ये.

तुझीच,
पिवळ्या दोऱ्याची