यासीन म्हटल्यावर वळायचं

५ फेब्रुवारी १९७९, भोसरी
यांना परत ब्रेक. दरवर्षीचंच झालंय. सातवा महिना भरत आला की कंपनी टेंपररी माणसाला घरी बसवते, म्हणजे पर्मनंट करायला नको. थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावते, पुन्हा टेंपररी. यांचा वेल्डिंगचा हात चांगला आहे असं सुपरवायझर स्वतः म्हणतो. म्हणतो आणि ब्रेकच्या कागदावर सहीही करतो.
सासूबाई चुलीपाशी बसून बडबडत होत्या. "आपल्याच रानात गडी म्हनून बी ठिवीनात." रान म्हणजे आता जिथं कं.चा पेंट शॉप आहे तिथं. सासरे तिथं हरभरा काढायचे. आता गेटवर पास दाखवावा लागतो, आणि ब्रेक लागला की पास काढून घेतात.

९ फेब्रु.
संध्याकाळी यासीनभाई आले. हे आणि ते शाळेपासूनचे, वेल्डिंगही एकाच शॉपमध्ये. ते मागच्या महिन्यात पर्मनंट झाले. पेढे घेऊन आले तेव्हा यांनी पेढा खाल्ला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.
त्यांच्या मावसभावानं दुबईहून भेटीचा व्हिसा पाठवलाय. पासपोर्टही तयार. पण आता ते कशाला जातील? म्हणाले, "व्हिसा वाया चाललाय, भावा. तू जा. मी हितं पर्मनंट, माझं नाव तुला टेंपररी."
मुंबईचा एजंट पासपोर्टवरचा फोटो बदलून देतो म्हणे. पाहुणा म्हणून जायचं आणि मुदत संपली की परत यायचंच नाही. लपून राहायचं, काम करायचं. तिथं यांचं नाव यासीन.
मला वाटलं हे हसतील. हसले नाहीत.

११ फेब्रु.
डोक्यात दुसरं काही नाही. गेले तर स्वतःचं वेल्डिंग मशीन होईल. आळंदी रस्त्याला पत्र्याची शेड. मग ब्रेक देणारा कोण? यांना सकाळी अंघोळ करून, डबा नसताना, नुसतं ओट्यावर बसलेलं बघवत नाही मला. ते बसतात तेव्हा मी मुद्दाम मागच्या दारी काम काढते.
आणि वाईट? तो मावसभाऊ सुट्टीवर आला होता तेव्हा यासीनभाईंना सांगून गेला, कागद नसलेल्या एका गड्याला मुकादमानं पगारच दिला नाही. तक्रार कुठं करणार? पोलीस आधी त्यालाच धरणार. मशीनही नाही आणि माणूसही...
पुढचं लिहीत नाही.

१५ फेब्रु.
नळावर भांडण. आमच्या मागच्या खोलीत लातूरकडची सखूबाई भाड्यानं राहते, दुष्काळात आली ती इथंच राहिली. तिच्या नवऱ्याला कं.त घेतलंय, तोही टेंपररी. सासूबाई तिला म्हणाल्या, "उपऱ्यांनी आमचं पानी बी न्यावं न् काम बी."
सखूबाईनं हंडा खाली ठेवला. "आमी काय चोरून आलाव का, बाई?"
सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चोरून जायची तयारी कुणाच्या घरात चाललीय ते आम्हा दोघींनाच ठाऊक. मला वाटलं, तिकडेही एखादी म्हातारी नळावर यांच्याबद्दल असंच बोलेल. तिचं चूक असेल का? ठरवता येईना. तिच्याही मुलाला काम नसेल तर?

१९ फेब्रु.
तालीम सुरू. यासीनभाई पाठीमागून हळूच "यासीन" म्हणतात आणि यांनी वळायचं. पहिल्या दिवशी एकदाही वळले नाहीत. आज वळले, पण सलाम आलेकुम म्हटल्यावर यांच्या तोंडून "रामराम". यासीनभाई ओट्यावर लोळायचे बाकी राहिले. नंतर शिंक आली, तर "माउली".
"माउली म्हनलास तर इमानतळावरनंच परत पाठवतील," यासीनभाई म्हणाले.
मीही हसले. खूप दिवसांनी घरात हसणं झालं, ते या कामासाठी.

२२ फेब्रु.
आता उलटी तालीम. स्वतःच्या नावाला वळायचं नाही. सासूबाईंना हाक मारायला सांगितलं तर त्या उठूनच गेल्या. "म्या हाक मारायची न् माज्या ल्येकानं बघायचं न्हाई? असली तालीम माज्या दारात नगं."
मग यासीनभाई म्हणाले, "वहिनी, तुमी मारा."
मी? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर नाही, आणि इथं रोजनिशीतही कधी लिहिलं नाही. माउलींच्या धाकट्या भावाचं जे नाव तेच यांचं. सासूबाई पोथी ऐकायला नेतात तेव्हा सगळ्या बायका ती चारी भावंडांची नावं घेतात, मी तीनच घेते.
"बरं, मग यासीन म्हना. त्याला काय हरकत?"
खरंच, त्याला काय हरकत? मी म्हटलं. "यासीन."
हे वळले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला पदर सावरावा लागला. नवऱ्याला नावानं हाक मारली मी. पुन्हा मारली. आवडलं मला, खोटं कशाला लिहू. नंतर भाकऱ्या थापताना मात्र रडू आलं, कशाचं ते कळलं नाही.

२३ फेब्रु.
सवयीनं "अहो, पाणी तापलंय" म्हटलं, तर लगेच वळले. यासीनभाई म्हणाले, "ते चालंल. तिकडं त्याला अहो कोन म्हननार हाय?"

२७ फेब्रु.
दुपारी ओट्यावर दोघंच होतो. विचारलं, भीती वाटते का. म्हणाले, "हितं नाव खरं हाय, पन सात म्हैन्याचं. तिकडं खोट्या नावानं का हुईना, कुनी ब्रेक तर देनार न्हाई."
मी म्हटलं, पकडलं तर?
"पकडलं तर परत पाठवतील. घरीच यील की."
आणि काही झालं तर, असं विचारायचं होतं. मचाणावरून पडले, करंट लागला. तार यासीनभाईंच्या घरी येणार की यासीन गेला. आणि यासीन तर इथं शिफ्टवर असणार. मग कोण गेलं हे मी कुणाला सांगायचं? विचारलं नाही. पण सासूबाई आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पिंडाला कावळा शिवायचा तर त्यालाबी नाव सांगाया लागतं."
हे उठून बाहेर गेले. मी सासूबाईंवर चिडले. त्या बोलल्या तेच माझ्या मनात होतं, म्हणूनच चिडले असेन.

२ मार्च
कं.कडून अजून बोलावणं नाही. एजंटाचा निरोप आला, रविवारी या. व्हिसाची मुदत संपत आलीय.
यासीनभाई आज उगाच येऊन बसले. शेवटी मला म्हणाले, "वहिनी, कागदावर मीच तिकडं असनार. उद्या माजा पासपोर्ट काडायचा झाला तर मी कुठनं आलो म्हनून सांगू?" मग स्वतःच, "जाऊ द्या. भाऊच हाय."
'जाऊ नका' म्हणावं असं दिवसभर वाटतंय. 'जा' म्हणावं असंही. दोन्ही म्हटलं नाही.

४ मार्च
गेले.
फोटोचं काम झालं नाही तर दोन दिवसांत परत येतो, झालं तर तिथूनच. एजंटानं बजावलंय, घरून निघाल्यापासून यासीन. कुणी काही म्हणो, दुसऱ्या नावाला मान फिरवायची नाही.
यासीनभाईंची फर्स्ट शिफ्ट, म्हणून नाशिक फाट्यापर्यंत मी आणि सासूबाईच. एस.टी. लागली. हातात जुनी पिशवी, अंगात कं.चा नसलेला, साधा शर्ट. सासूबाईंच्या पाया पडले. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि दाराकडे चालायला लागले.
मला वाटलं, एकदा तरी. परत हे नाव घरात असेल नसेल.
आणि मी हाक मारली. सोपान. मोठ्यानं, फाट्यावर, चारचौघांत. टपरीवरची माणसं बघायला लागली. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.
हे वळले नाहीत. चढले, गाडी गेली.
परत आल्यापासून एकच. तालीम पक्की झाली म्हणून वळले नाहीत, की लग्नानंतर माझ्या तोंडून ते नाव कधी ऐकलंच नाही म्हणून कुणीतरी दुसऱ्याच कुणाला हाक मारतंय असं वाटलं?
अहो म्हणायला हवं होतं. अहो म्हटलं असतं तर वळले असते.