आठ जीबी

९ ऑगस्ट
लाल फुली! परीक्षावाल्यांचा तपासणी प्रोग्रॅम चालवला – कॅमेरा ठीक, नेट ठीक, मेमरी अपुरी. आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरात दोन जीबी, त्यांना हवी आठ. २१ला परीक्षा, तीही घरून, बंद खोलीत एकटीने. म्हणजे सायबर कॅफे बाद. नवा घेणं तर परवडणारच नाही.
बाबा म्हणाले, "रॅम वाढवू. त्यात काय!" हुश्श. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस घरात असताना मी कशाला घाबरू?

११ ऑगस्ट
बाबांनी रॅमची पट्टी आणली. बसेना! खाच एकीकडे, खोबणीतला उंचवटा दुसरीकडे. नव्या पिढीची पट्टी, आमचा बोर्ड जुन्या पिढीचा.
"अरेच्चा," बाबा म्हणाले. "बदलून आणतो."

१३ ऑगस्ट
लॅपटॉपची! निम्म्या लांबीची! "बाबा, हे तर नुसतं बघूनही कळतं!" ते आपले चष्मा पुसत बसले. दुकान सातला बंद होतं, माझी ग्रंथालयातली ड्यूटी आठला सुटते. नाहीतर मीच गेले असते.

१४ ऑगस्ट
आज दुकान बंद होतं, म्हणे.

१६ ऑगस्ट
आजची बसली! खटकन. बटण दाबलं – पंखा फिरला, पडदा काळाच, आणि तीन बीप. काढून परत बसवली. तीन बीप. बाबांनी खोडरबराने पट्टीचे सोनेरी दात घासले, खोबणीत फुंकर मारली, सगळे सोपस्कार झाले. बीप बीप बीप! तासभर नेटवर डोकेफोड केल्यावर कळलं – ही सर्व्हरची रॅम. आमच्यात बसते, पण चालत नाही.
माझा तोल सुटला. "तुमच्याकडून होत नसेल तर तसं सांगा ना!" बाबांनी जुनी पट्टी परत लावली, एकेक स्क्रू आवळला आणि न जेवता झोपले. आई असती तर दोघांनाही झापलं असतं. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता घरात भांडायलाही आम्ही दोघंच.

१८ ऑगस्ट
माफी मागायची होती. जमलं नाही. निवड झाली तर दोन वर्षांचं प्रशिक्षण, परगावी, राहण्याखाण्यासकट. चार वर्षं याच्यासाठी घासतेय. आणि अडलं कुठे – वीतभर पट्टीपाशी!

२० ऑगस्ट
अर्धी रजा टाकून स्वतः दुकानात गेले. बोर्डाचा नंबर आणि बाबांचं नाव सांगितलं. दुकानदार बघतच राहिला.
"ताई, ह्या तर काका दहा तारखेलाच घेऊन गेले. चार-चारच्या दोन. कॉम्प्युटर इथे आणून, चालवून बघून नेल्या."
"आणि बाकीच्या?"
"त्या माझ्या भंगाराच्या डब्यातल्या. सहज हव्यात म्हणाले."
रस्ताभर राग आला, आणि रडूही. घरी आले आणि नुसता हात पुढे केला. बाबांनी कपाटातून पट्ट्या काढल्या. माझ्या हातात दिल्या नाहीत, स्वतःच बसवल्या. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला.
"उद्या पेपर किती वाजता?"
"दहाला."
"मग सातला उठवतो," म्हणाले.