सहा सोनेरी नावं

८ फेब्रुवारी १९५८, शनिवार

लाकडी मोटार पुरी झाली. लांबी एक वीत. निळा रंग, पिवळा पट्टा, टपावर कठडा, मागे कोळशाची शेगडीसुद्धा. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा दादाची मोटार कोळशावर पनवेल-आपटा करायची आणि तिकिटं मी फाडायचो. हुबेहूब तीच. फक्त नाव राहिलं. आईचं. चंद्रावती.

गिरगावातून ट्रान्सफर छापून आणलंय, शिवणयंत्रावर असतं तसलं. पाण्यात भिजवायचं, कागदावरून सरकवायचं, कापडानं दाबायचं. एका तावावर सोनेरी सहा नावं. लागणार दोन, दोन बाजूंना. चार उगाच जादा छापली.

ड्रायव्हर जगन येऊन सांगून गेला. दादा सत्तावीसला सकाळी कल्याणच्या एस.टी.नं निघतो. तिथून रेल्वेनं इटारसी, लेकाकडे, आनंदाकडे. छातीचं दुखणं. घर रिकामं करतोय. परत येणार नाही.

मला काय त्याचं. तळ्याच्या पलीकडे राहतो, दहा वर्षं बोललो नाही. मोटार तेवढी पोचवायची आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

आधी मोटारीला खोबरेलाचा हात फिरवला. चकाकी हवी. मग पहिलं नाव. लावताक्षणी मासळीसारखं निसटलं, दुमडलं, फाटलं.

विहिरीचं पाणी खारं. त्याचा दोष. पाच राहिली.

१० फेब्रुवारी

भांडण कशावरून, ते विसरू नये म्हणून लिहून ठेवतो.

सत्तेचाळीसचा दसरा. मोटारीवर नाव नव्यानं घालायला पेणहून पेंटर आणला होता. तो येण्याआधी मी मोटार पुसून लख्ख केली. कशानं, हा प्रश्न गौण आहे. त्यानं नाव लिहिलं. दसऱ्याला हार घातला, नारळ फोडला, भरलेली मोटार निघाली आणि आपट्याला पोचेपर्यंत आईचं नाव सालपटासारखं सुटून गेलं. दादा सगळ्या उतारूंसमोर म्हणाला, "काश्या, तेल फिरवलंस ना?" मी म्हणालो, "पेंटरचा रंग भेसळीचा." तो म्हणाला, "आईचं नाव घालवलंस, आणि वर खोटं?"

तिकिटांची पिशवी तिथेच ठेवली आणि आपट्याहून चालत घरी आलो. पुढं एस.टी. आली, दादाची मोटार गेली. मी कोर्टात नकला लिहायला लागलो.

तेलानं वस्तू टिकते. सर्वांना माहीत आहे. मोटार नावासकट त्याच्या हातात ठेवीन, मग कळेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाणी उकळून घेतलं. मोटारीला तेलाचा हात दोनदा. दोन्ही बाजूंना नावं बसली! सोनं नुसतं. सत्यवतीला बोलावून दाखवलं. ती बघत राहिली. म्हणाली, "सासूबाई असत्या तर." वाक्य पुरं केलं नाही.

उद्या कोर्टातून परस्पर पलीकडे जाऊन पोचवणार. ठाम.

१३ फेब्रुवारी

सकाळी दोन्ही नावं फळीवर गुंडाळी होऊन पडलेली. मोटार कोरी. खाडीकडचा वारा दमट, दुसरं काय.

तीन राहिली. दोन लागणार. म्हणजे अजून एक जादाच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

डिंक लावून चौथं चिकटवलं. सुरकुत्या पडल्या. सरळ करायला गेलो तर बोटाबरोबर आलं. डिंक जुना.

दोन राहिली.

१८ फेब्रुवारी

दादाच्या घरचं कपाट हातगाडीवरून गेलं. मी सहज तळ्याकाठी उभा होतो. दादा ओट्यावर खुर्चीत बसलेला. बारीक दिसला. त्यानं इकडे पाहिलं असावं. मी तळ्यातल्या म्हशींकडे पाहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सत्यवती भाजी चिरताना म्हणाली, "अहो, फणस फोडताना विळीला तेल का लावतो आपण?"

मी म्हणालो, "चीक चिकटू नये म्हणून. एवढंही माहीत नाही?"

"मला आहे माहीत," म्हणाली आणि चिरत राहिली.

फेब्रुवारीत फणस कुठून आठवला कोण जाणे. कधीकधी असंबद्ध बोलते.

२२ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी

पाचवं नाव बसलं. हात न लावता तीन तास पाहत बसलो. हललं नाही. जगनला बोलावलं. तो दादाच्या मोटारीचा ड्रायव्हर होता, आता एस.टी. चालवतो. त्यानं मोटार उचलली, डोळ्यांत पाणी आणलं. "भाऊ, हीच ती! शेगडी बी हाय!" खाली ठेवली तर नाव त्याच्या अंगठ्यावर.

जगननं अंगठा हुंगला. "भाऊ, ह्याला खोबरेल लावलाव?"

मी चहा मागवला.

"तवा बी..." तो म्हणाला.

"साखर पुरेशी आहे का बघ," मी म्हणालो.

चहा पिऊन उठला. दारात म्हणाला, "दादांना आमी काय नाय बोलनार. पन त्यांना दम लागतो आता. जिना चढवत नाय."

एक राहिलं.

२३ फेब्रुवारी

काही केलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. मोटार पाठवायचीच नाही. एका नावानं दोन बाजू कशा होणार? अर्धवट वस्तू देणं हा अपमान. निर्णय झाल्यावर बरं वाटलं. रात्री झोप लागली नाही, ती डासांमुळे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी कोर्टात जाताना मोटार मोरीजवळ राहून गेली. विसरून. शेजारी वाटीत रिठे भिजत घातलेले होते, ते कुणी घातले लक्षात नाही.

संध्याकाळी आलो तर मोटार कोरडी, कपड्यात गुंडाळलेली. सत्यवती भाकरी थापत होती. मी विचारलं नाही.

शेवटचं नाव भिजवलं. सरकवलं. दाबलं. तासाभरानं नखानं हलवून पाहिलं. हलेना. पुन्हा पाहिलं. हलेना.

हवा आज कोरडी होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सहालाच स्टँडवर गेलो. मोटार पोचवायला. गाडी लागलेली. दादा खिडकीत, गळ्याला मफलर. मी मोटार आत दिली.

त्यानं मांडीवर ठेवली. नावावरून बोट फिरवलं. मग उलटून दुसरी बाजू पाहिली. कोरी. खूप वेळ पाहिली.

"इकडचं रे, काश्या?"

पेंटर, पाणी, डिंक, हवा, सगळं तयार होतं. तोंडातून भलतंच आलं. "खोबरेल."

दादा हसला नाही. "आणि सत्तेचाळीसला?"

तेवढ्यात कंडक्टरनं घंटा दिली. गाडीला हिसका बसला म्हणून माझी मान हलली. मी गाडीत नव्हतो, पण हलली. दादानं त्याचा अर्थ हो असा घेतला असेल तर माझा इलाज नाही.

गाडी सुटता सुटता म्हणाला, "वेड्या, तेव्हाच सांगायचंस. पेंटर दसऱ्याचा जेवायला थांबलाच होता. संध्याकाळपर्यंत परत लिहून झालं असतं."

मी थोडं गाडीबरोबर चाललो. त्यानं मोटार खिडकीशी धरली होती. नाव त्याच्या बाजूला होतं, कोरी बाजू माझ्याकडे.

संध्याकाळपर्यंत, म्हणाला.