उरियाच्या हातची शवपेटी

हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी सगळ्यांची माफी मागतो. दोन वर्षांपूर्वी पाय मोडला तेव्हाच लिहायला हवे होते. पण कागद घेऊन बसलो की सुझाना म्हणायची, "अहो, मरायची एवढी घाई झालीय का? आधी खुराड्याचं दार बसवा."

मी गिडियन एश, वय चौऱ्याहत्तर, राहणार ब्रश रन, पेनसिल्वेनिया, धंदा सुतारकाम, शाळा पाचवीपर्यंत. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. वकिलाच्या नमुन्यात पुढे 'शपथेवर' असा शब्द आहे. आम्हा आमिश पंथाच्या ख्रिस्ती लोकांत शपथ घेत नाहीत. म्हणून नुसते लिहितो, आणि ते खरे आहे. अंमलबजावणी माझी बायको सुझाना करील. बाईच्या हाती का दिले, असे लोक विचारतील. विचारोत.

पहिले. शेत, मोठे घर, गोठा आणि घोडे थोरला मुलगा एलाम याला. शेजारच्या छोट्या घरात आम्ही दोघे राहतो, ते सुझाना असेपर्यंत तिचे. तिथे कोण आले, कोण जेवले, हे एलामने विचारायचे नाही. खिडकीतून बघायचेही नाही. त्याला ती सवय आहे.

हे लिहावे लागते, कारण धाकटा मुलगा उरिया चार वर्षांपूर्वी वाळीत पडला. बाप्तिस्मा घेताना आमच्या चर्चच्या मंडळींचे नियम पाळीन म्हणाला आणि मग मोटार विकत घेतली. आमचे लोक शस्त्र धरत नाहीत, तरी युद्धाच्या वेळी सरकारने याला सैन्याच्या छावणीत नेले होते. तिथे थंडीत उघड्यावर उभे केले, तरी याने सैनिकाचा गणवेश अंगाला लावला नाही. तोच मुलगा पाच वर्षांत मोटारीला भुलला! मला म्हणाला, "बाबा, शहरात रोज नवी घरं उठताहेत, प्रत्येक बाईला भिंतीतली कपाटं हवीत. माझा घोडा पोचेपर्यंत दुसरा सुतार काम पटकावतो." बोलणे खरे होते, त्याचाच जास्त राग आला. युद्ध संपल्यापासून शहराला काय झाले आहे, कळत नाही. बायका केस कापतात, रेडिओ दिवसभर ओरडतो, जो तो कुठेतरी लवकर पोचायला निघालेला. कुठे, ते विचारले तर सांगता येत नाही.

आणि आमचे तरी काय सांगू? मोटार घ्यायची नाही, पण दुसऱ्याची भाड्याने केली तर चालते. एलाम दात काढायला तशीच करून गेला. आल्यावर गाल धरून म्हणाला, "गादी मात्र मऊ होती."

दुसरे. जेवणाचे टेबल सुझानाला. वाळीतल्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवता येत नाही, म्हणून मी ते मधोमध करवतीने कापले, दोन्ही अर्ध्यांना जास्तीचे पाय लावले आणि मध्ये दोन बोटांची फट ठेवली. वर चादर एकच. उरिया पलीकडे बसतो. आम्ही त्याला बटाटे देऊ शकतो, त्याच्या हातून काही घेऊ शकत नाही. नियम तसा आहे. चांगले चेरीचे लाकूड होते. कापताना जीव तुटला.

तिसरे. माझी सगळी अवजारे उरियाला. द्यायला मनाई नाही, हे मी दोनदा विचारून घेतले आहे. मोठा रंधा शेजारच्या लेव्ही बायलरकडे नऊ वर्षे आहे. लेव्ही साक्षीदार असल्यामुळे त्याने हे वाचले आणि म्हणाला, "गिडियन, हे कशाला घातलंस? उद्या आणून देतो." आणला की खोडीन.

चौथे, आणि ज्यासाठी हे सारे लिहिले ते.

पाय मोडला तेव्हा मी अंगणात बर्फात पडलो होतो. सर्वांत आधी उरिया पोचला. मोटार दारात, इंजिन चालू. "बाबा, उचलतो, बसा." बसलो असतो तर त्याच्याकडून घेतल्यासारखे झाले असते. मी नाही म्हणालो. दुधाचा ट्रक येईपर्यंत दीड तास तो माझ्यावर गोणपाट धरून बसला. गोणपाट आमचेच होते. मग ट्रकच्या मागे हळूहळू मोटार चालवत दवाखान्यापर्यंत आला. पाय वाकडा जुळला. बिशपांनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले. ते कौतुक पायापेक्षा जास्त दुखते.

चाळीस वर्षे मंडळींतल्या प्रत्येकाची शवपेटी मी केली. हे काम एकटा उरिया शिकला. माझी पेटी त्याने करावी, अशी माझी इच्छा आहे. मार्चमध्ये मी बिशपांना विचारले, "मेलेला माणूस घेतो का?"

"म्हणजे?"

"मेल्यावर मला हात कुठून येणार? उरियाने पेटी केली तर ती मी घेतली असं होईल का?"

"गिडियन, तुला दुसरं काही काम नाही का रे?" ते म्हणाले. विचार करून सांगतो म्हणाले, आणि ऑगस्टमध्ये सांगितले, "विकत घेतली तर व्यवहार झाला, फुकट घेतली तर त्याच्या हातून घेणं झालं. एलामला करू दे."

"एलामने केली तर तळ सुटेल आणि मी वाटेत पडेन."

बिशप हसले, पण हो म्हणाले नाहीत.

हे घरी सांगितले तर सुझाना कणीक मळता मळता म्हणाली, "एवढंच ना? उरिया पेटी जमिनीवर ठेवील आणि बाजूला होईल. आपली माणसं जमिनीवरून उचलतील. तो साखर आणतो ती मी तशीच घेते. तो टेबलावर ठेवतो, मी टेबलावरून उचलते."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. तुम्ही गोड चहा पिता ना?"

मला यातले काहीच माहीत नव्हते. पाप झाले की नाही, याची काळजी करत मी तीन रात्री जागा होतो. मी घाबरट माणूस आहे, मंडळींच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही. तरी लिहून ठेवतो की पेटी उरियाच करील आणि जमिनीवर ठेवील. कोणी उचलायला आले नाही तर तो दोष माझा, सुझानाचा नाही.

साक्षीदार: लेव्ही बायलर, शेतकरी. हॅरी डंकेल, दुधाचा ट्रक चालवणारा, आमच्या मंडळींबाहेरचा.
सही: गिडियन एश
ब्रश रन, ११ ऑक्टोबर १९२७

उरिया, याची नक्कल तुला पाठवतो आहे. मी मरायची वाट बघू नकोस, पेटी आत्ताच कर. काम वाईट झाले तर मला सांगता आले पाहिजे. पाइनच्या फळ्या माझ्या कारखान्यात वाळून तयार आहेत, तिथेच येऊन कर. मी कोपऱ्यात स्टुलावर बसेन. बोलायला मनाई नाही. पेटीला तीन दिवस लागतात, तू पाच लावलेस तरी चालेल. येतोस की नाही, तेवढे लवकर कळव. पत्र पोस्टमनच्या हातून येते, त्यामुळे ते मला घेता येईल.