पहिली ओटी सुखदाताईची

आई, नमस्कार.

गुरुग्रामला ताईकडे मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

सुखदाताईला तीनदा दिवस गेले, टिकलं नाही, कारण सापडत नाही. आता भाऊजींच्या रक्तातल्या पेशी तिच्या हाताला टोचतात, म्हणजे तिचं अंग बाळाला परकं समजणार नाही. गुण येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काल शेजारच्या डोहाळजेवणात ती ओटी भरायला उठली. तिला ओटी भरू देऊ नकोस, असं तू फोनवर बजावलेलंस म्हणून मी म्हटलं, "ताई, तू नको." एरवी चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. तिने ताट माझ्याकडे दिलं. "अच्छा, तू धर," म्हणाली. घरी येऊन सुजल्या हाताने मला गरम पोळी वाढली. मला खाली बघूनच जेवावं लागलं.

आपल्या वहिनीच्या डोहाळजेवणात पहिली ओटी ताईलाच भरू दे. तूच तिला बोलाव.

तुझी,
उत्तरा