चौथ्यावर थांब

अमडापूर, ६ जानेवारी १९६४

आज ड्रमच्या काड्या फेकून दिल्या! खुर्शीद मास्तरच्या अंगणात, त्याच्या तोंडासमोर. मिसरूड फुटायच्या आधीपासून भजनात मृदंग वाजवून राह्यलो, वडलांचा, आबांचा, अभंग कधी पडू दिला नाही. अन् हा पलटणीच्या बँडातून पेन्शन घेऊन चिखलीत बसलेला माणूस मले म्हणते, "तुले एकपासून चारपर्यंत येत नाही." मले!

७ जानेवारी

काड्या आणायले गेलो. काय करू? पोलीस बँडात ड्रमवाल्याची एकच जागा. पुढच्या साली माझं वय निघून जाते. परीक्षेत तालाच्या खुणांचा कागद पुढं ठेवतात, वाचून वाजवा म्हणतात. अन् तो कागद वाचणारा इकडं हाच एक. मास्तरनं काड्या पुसून ठेवल्या होत्या. त्याचाही रागच आला.

१४ जानेवारी

मास्तरनं फळीवर खडूनं अंडी काढली. पोकळ अंडं — चार मात्रा. त्याले दांडी लावली — दोन. काळं केलं — एक. शेपूट लावलं — अर्धी. सुरुवातीले वर चार, खाली चार. वरचा सांगते एका घरात, म्हणजे दोन उभ्या रेघांच्या मधी, मात्रा किती, खालचा सांगते एक मात्रा कोणत्या अंड्याची. वाकडी खूण म्हणजे गप बसायचं. गप बसायचंही लिहून ठेवतात हे लोक!

समजते सगळं. हात ऐकत नाही.

२२ जानेवारी

भांडण. कवायतीच्या मार्चच्या शेवटच्या घरात एक, दोन, तीन, अन् चौथ्यावर ती वाकडी खूण. संपलं. पण माझा हात पुढच्या एकावर पडतेच — ठाण! आपली तिहाई, एकच बोल तीनदा, समेवर येऊन संपते, अन् सम म्हणजे एक. समेवर न येता उठायचं म्हणजे जेवून हात न धुता उठणं.

मास्तर ओरडला, "फौज थांबली, बँड थांबला, तू कोणाले वाजवून राह्यला बे?"

म्हटलं, "सम येते तिथं."

"इथं सम-बिम नाही! घर खतम का खतम. भजनातला हात घरी ठेवून येत जा."

हात का टोपी हाय, खुंटीले टांगून यायले?

२३ जानेवारी

गुरुवारच्या भजनाले गेलो नाही. आबा वाट पाहून पुढं गेले. बायको म्हणे, "जा ना, म्हातारं एकटंच गेलं." तिच्यावरच खेकसलो. पाटावर काड्या मारत बसलो. एक दोन तीन गप. एक दोन तीन गप. काकाचा कडूबा मृदंगावर बसला म्हणे. त्याले ठेका तरी धरता येते का!

३० जानेवारी

आजही नाही गेलो. मास्तरचा मुडदा बशिवला!

बुलढाणा, १२ फेब्रुवारी

परीक्षेत कागद पुढं आला. वाचला. वाजवला. चौथ्यावर थांबलो — हात हललाच नाही! साहेब म्हणे, "घेतलं."

मास्तर बाहेर निंबाखाली उभा. मले पाहून रडायलेच लागला. त्याले चार शब्द सुनवायचे ठरवले होते, ते राह्यलेच.

अमडापूर, १३ फेब्रुवारी

पेढे घेऊन भजनाले गेलो. आबांनी अभंग उचलला. मी तिहाई घेतली, सम आली, सगळ्यांच्या माना खाली आल्या — अन् माझा हात वरच. आबा थांबले. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच.

मग आबांनी माझ्या मांडीवरचा मृदंग उचलून कडूबापुढं ठेवला. रागावले नाही. म्हणे, "तू टाळ घे, बाबू."