महालक्ष्म्या झाल्या की जाईन

२८ ऑगस्ट, प्रताप नगर
तिकडे अमेरिकेत सेमिस्टर सुरू झालं अन मी इथं सासरी पितळेची भांडी घासून राहिली. गाईड मॅडमनं सूट दिली, थीसिसचं लिहिणं तिथून कर म्हणाल्या. लिहिणं कुठचं! यंदा महालक्ष्म्या आपल्या घरी, थोरली सून नसली तर लोक काय म्हणतील, असं सासूबाईंचं जूनपासून फोनवर चालू होतं. नि., माझा नवरा, म्हणाला, जाऊन ये, आईचं मन राहील. त्याले स्वतःले सुट्टी नव्हती. बायकोले काय, सुट्टीच सुट्टी.

१ सप्टें.
सोळा भाज्या, पुरण, आंबील. पायाचे तुकडे पडले. जेवायले आलेल्या एका काकूनं विचारलं, तू तिकडे काय करतं वं? म्हटलं, एम.एस. करते, विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर. म्हणजे नोकरी नाही, काकू म्हणाल्या. नाही. डिपेंडंट व्हिसावर शिकता येते, नोकरी नाही करता येत.

३ सप्टें.
काल विसर्जन झालं. आज बॅग भरून राहिली होती तर नि.चा फोन. आधी दोनदा "तू बस" म्हणाला. त्याची नोकरी गेली. अख्खी टीमच काढली.

५ सप्टें.
सदर भागात एका व्हिसा एजंटकडे गेली. तुमचा व्हिसा मिस्टरांच्या नोकरीवर, आता त्यावर जाता नाही येणार, म्हणाला. तिथं असती तर तिथल्या तिथं स्टुडंट व्हिसाचा अर्ज टाकता आला असता. "मॅडम, अशा टायमाले तुम्ही आल्याच काहून?" महालक्ष्म्यांसाठी, हे सांगायची लाज वाटली. घरी काम होतं म्हटलं.
ऑटोत रडली.

१२ सप्टें.
सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आता दोघंही इकडेच राहा, डिग्री काय, एक आहेच तुझ्याजवळ. डोकं सणकलं. पण बाई वाईट नाही. मले लिहिता यावं म्हणून सकाळचा सैपाक स्वतः करते. त्यामुळे रागही धड काढता येत नाही.
मॅडमचा मेल. पाण्याचे नमुने लॅबमध्ये पडून आहेत, शेवटची तपासणी तुलाच करावी लागेल. डिसेंबरपर्यंत थांबते, त्यापुढे माझ्या हातात नाही.

२७ सप्टें.
स्वतःच्या नावानं स्टुडंट व्हिसाचा अर्ज भरला. मुंबईले मुलाखतीची तारीख मिळाली, १४ ऑक्टो. कोणाले सांगायचाही उत्साह नाही. थकली मी.

११ ऑक्टो.
नि. परवा आला. गाल बसले त्याचे. इतके दिवस त्याची नोकरी, त्याचं दुःख, म्हणून मी गप होती. आज बोलली. मले व्हिसा मिळाला तर तू माझा डिपेंडंट म्हणून ये. डिग्री झाली की पुढचं पाहू.
"नोकरी नाही करता येणार?"
"नाही."
"मग मी दिवसभर तिथं काय करू?"
लग्नानंतर दोन वर्षं मी तिथल्या त्याच घरात बसून होती. दिवसभर काय करते, असं यानं मले एकदाही विचारलं नाही. हे तोंडावर म्हटलं. तो उठून गॅलरीत गेला.

१२ ऑक्टो.
सासूबाई म्हणतात, तारीख पुढं ढकल, दिवाळी करून जा. नाही म्हटलं. या घरात पहिल्यांदा. सासूबाई रात्री कमी जेवल्या.

१३ ऑक्टो., गाडीत
नि. स्टेशनवर सोडायले आला. वाटेत विचारलं, नवरा सोबत येणार का असं उद्या विचारलं तर काय सांगू? त्यानं डब्यात बॅग ठेवली. मग म्हणाला, "एकटीच जाते म्हण."
चिडून म्हणाला का मनापासून, चेहऱ्यावरून कळलं नाही. विचारायच्या आत खाली उतरला.
वर्धा गेलं. उद्याची उत्तरं घोकून राहिली. बाकी सगळी पाठ आहेत, या एकावरच अडते.